चुलबेटावरचा मानाचा नारळ

दत्तप्रसाद केळुसकर सकाळी दात घासत अंगणात आले आणि फाटकापाशी ब्रश तोंडात धरून तसेच उभे राहिले. रातोरात फाटकाला एक भलामोठा बोर्ड लागला होता. त्यावर लाल-पिवळा जाळ ओकणारा डोंगर रंगवला होता आणि खाली ठळक अक्षरं होती : ‘चला चुलबेटावर! एका दिवसात ज्वालामुखीचा ट्रेक! मालवणी जेवणासह!’

“निलेश! खंय आसस रे? ह्या काय लावलंस?”

निलेश, म्हणजे त्यांचा मुलगा, डिझेलचा कॅन घेऊन होडीकडे निघाला होता. “बोर्ड आसा, बाबा.”

“ता माका दिसता. चुलबेटाक आग कधी लागली?”

“आग नाय लागली. पण थयली काळी खडपा आसत मां, ती ज्वालामुखीची. मागच्या वर्षी कॉलेजचे सर इलले, तेनीच सांगितल्यानी. लाखो वर्सांपूर्वीची गजाल.”

“लाखो वर्सांपूर्वीची! आणि जाळ आजच्या बोर्डार काढतस? थय आपलो राखणदार बसता, मेल्या. लोकांका वाटात, केळुसकरांचो देव शेगडीर बसलोहा!”

दत्तप्रसाद एसटीत कंट्रोलर होते. गाडी उशिरा सुटली की ते संतापायचेच, पण वेळेवर सुटली तरी ‘आज कशी काय सुटली?’ म्हणून संतापायचे. निवृत्तीनंतर गाड्या गेल्या, संताप तेवढा घरी आला. आणि आजचा दिवस तर असा, की संतापायला कारणं शोधावीच लागत नव्हती.

तारकर्लीच्या किनाऱ्यावरून समुद्रात एक काळा डोंगर दिसतो, ते चुलबेट. माथ्यावर चुलीसारखे तीन काळे धोंडे मांडल्यासारखे आहेत, म्हणून हे नाव. त्या धोंड्यांत राखणदार राहतो आणि होड्या, जाळी, माणसं, सगळं सांभाळतो, अशी केळुसकरांची श्रद्धा. देवदिवाळी झाली की सगळी भावकी होडीने बेटावर जाते, डोंगर चढते, नारळ फोडते आणि गाऱ्हाणं घालते, म्हणजे देवाकडे वर्षभराचं मागणं मागते. पूर्वी हे तिथीला व्हायचं. मुंबईकरांच्या सोयीसाठी ते रविवारवर आणलं, त्याचाही दत्तप्रसादांना संताप होताच. त्यात यंदा निलेशने भावकीच्याच होडीत पर्यटक भरले होते.

पण या सगळ्यात खरी गोष्ट असते ती मानाची. डोंगरावर पहिला नारळ ज्या घराचा फुटतो, त्या घराचा वर्षभर मान. गाऱ्हाणं त्यानेच घालायचं, शिमग्यात देवाची पालखी आधी त्याच्याच अंगणात टेकायची, आणि बाकीच्यांनी मागे उभं राहून बघायचं. हा मान दत्तप्रसादांकडे वडिलांपासून चालत आलेला. शेजारच्याच घरात राहणारा चुलतभाऊ सत्यवान याचं म्हणणं, थोरलं घर आमचं, तेव्हा मान आमचा. एवढ्यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. अशी भांडणं कशावरून सुरू झाली ते लोक विसरतात म्हणे. हे दोघे काहीही विसरलेले नव्हते.

मानाला एक नियम होता. नारळ घरच्या माडाचा हवा आणि घरूनच आणलेला हवा. मानकरी नारळाशिवाय वर पोचला, तर त्या वर्षीचा मान दुसऱ्या घराकडे. हा नियम दत्तप्रसादांच्याच आजोबांनी केला होता, कारण त्या काळी विसरभोळेपणा शेजारच्या घरात जास्त होता.

म्हणून दत्तप्रसादांनी आदल्या दिवशीच एक टपोरा नारळ सोलून, शेंडी राखून, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला होता. सकाळी ते बोर्डावर ओरडायला अंगणात गेले आणि बराच वेळ ओरडतच राहिले. आत आले तेव्हा बायकोने, सुगंधाबाईंनी, त्यांची पिशवी भरून दारात ठेवली होती. पिशवी जड लागली. नारळ आत आहे, असं गृहीत धरून त्यांनी ती खांद्याला लावली.

होडीत पहिली गाठ पडली ती किशोरी मगदूम यांच्याशी. बाई इचलकरंजीच्या, स्वतःचे यंत्रमाग चालवणाऱ्या, आवाज मागांवरून ऐकू जाईल असा. सोबत पाहुण्यांचा घोळका होता, पण बोलायचं काम त्यांनी एकटीने घेतलं होतं.

“काय ओ काका, ज्वालामुखी कवा पेटतोय? सकाळी का दुपारी?”

“पेटणा नाय,” दत्तप्रसाद म्हणाले.

“मग बोर्डावर जाळ दाखवलाय की एवढा!”

दत्तप्रसादांनी निलेशकडे असं पाहिलं की निलेश एकदम इंजिनात वाकला. होडीच्या दुसऱ्या टोकाला सत्यवान मांडीवर पिशवी घेऊन बसला होता, आणि पिशवीतून एक नव्हे, दोन शेंड्या बाहेर डोकावत होत्या. एक नारळ त्याच्या घराचा नेहमीचा. दुसरा कशाला, हे दत्तप्रसादांना सांगायची गरज नव्हती.

“सुगंधा, सांग त्येका,” ते मोठ्याने म्हणाले, “दुसरो नारळ आणलो म्हणान मान गावणा नाय.”

“वयनी, सांगा त्येका,” सत्यवान समुद्राकडे बघत म्हणाला, “वेळ काय सांगान येता? म्हणान आणलंय.”

 दोघांमध्ये बसलेल्या सुगंधाबाईंनी पानाचा डबा उघडला.

बेटाला होडी लागली आणि चढ सुरू झाला. निलेश होडीपाशी थांबला. काळा खडक सकाळीच तव्यासारखा तापायला लागला होता. कुठे पायरीएवढा सपाट, कुठे सुरीसारखा धारदार, आणि फटीफटीतून करवंदीचे काटे. पाहुण्यांच्या पायांत जाड तळाचे बूट, हातात काठ्या, डोक्यावर टोप्या. भावकी चपला घालून चढत होती. सगळ्यांत म्हातारे गंगारामकाका तर चपला काखेत मारून अनवाणी पुढे गेले होते.

“काका, हा ट्रेक मध्यम म्हणायचा का अवघड?” किशोरीबाईंनी धापा टाकत विचारलं.

“ट्रेक!” दत्तप्रसाद उसळले. “डोंगर चढूक ट्रेक कधीपासून म्हणतत? माझी आजी डोक्यार मासळीची पाटी घेवन कुडाळापर्यंत चालत जाय. तिका कोणी नाय म्हटल्यान, आजी, ट्रेकाक चललंस काय!”

रागाने माणूस भराभर चढतो आणि तितक्याच लवकर दमतो. अर्ध्या वाटेवर एक बसकं झाड आहे. बेटावरची तेवढीच काय ती सावली. तिथे सगळे टेकले. बहुतेक पाहुण्यांनी तिथूनच समुद्राचे फोटो काढले आणि ज्वालामुखी बघितल्याचं जाहीर करून टाकलं. सत्यवान पिशवी उशाशी ठेवून, तोंडावर टॉवेल टाकून आडवा झाला. दत्तप्रसादांनी पाणी काढायला पिशवीत हात घातला. बाटली लागली. टॉवेल लागला. मग गोल, गुळगुळीत आणि थंडगार असं काहीतरी लागलं.

त्यांनी ते बाहेर काढलं. स्टीलचा डबा होता.

“सुगंधा,” त्यांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता, “ह्या काय?”

“तिखट-मिठाच्या पुरये. भूक लागली?”

“नारळ खंय आसा?”

“खंयचो? ओट्यारचो? तो मी खोवलंय.”

“खोवलंस?”

“निलेशान पाव्हण्यांका सोलकढी कबूल केल्यान. नारळ नको? ओट्यार आयतो सोललेलो दिसलो.”

“अगो, मानाचो नारळ तो! माका इचारूक काय झाला होता?”

“इचारूकच भायर इललंय,” सुगंधाबाई शांतपणे म्हणाल्या, “पण तुमी बोर्डावांगडा भांडत होतास. मधी कशी बोलू?”

दत्तप्रसादांच्या डोळ्यांपुढे शिमगा उभा राहिला. पालखी त्यांच्या फाटकावरून सरळ पुढे गेली, सत्यवानाच्या अंगणात टेकली, आणि सत्यवान घसा खाकरून गाऱ्हाणं घालायला लागला. सत्यवानाचा तो चिरका आवाज! देव तरी कसा ऐकून घेणार! वडील गेले तेव्हा दत्तप्रसादांच्या हाती घरदार आलं, बाग आली, पण ऊर भरून आला होता तो हा मान आला तेव्हा. आणि तो सोलकढीत जाणार होता. त्यांना नुसता राग नाही आला, रडूही आलं. मग रडू आल्याचा राग आला. त्यांनी निलेशला फोन लावला.

“निलेश, होडी काढ आणि घराकडसून एक नारळ घेवन ये. आत्ताच्या आत्ता!”

“होडी खंयची काढू, बाबा? ओहोटी लागली. होडी खडपार बसलीहा. भरती लागल्याशिवाय हलूची नाय.”

“मगे समुद्राक सांग!”

“काय सांगू?” निलेशने खरोखरच विचारलं.

दत्तप्रसादांनी फोन बंद केला. बेटावर माड नव्हता, दुकान नव्हतं. नारळ होते ते फक्त सत्यवानाच्या पिशवीत. त्यांनी तिकडे पाहिलं आणि एकाएकी त्यांना एक फार मोठा अन्याय आठवला.

दोन घरांच्या मधल्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागून सत्यवानाचा एक माड आहे. बुंधा सत्यवानाच्या बाजूला, पण माड वाकलाय दत्तप्रसादांच्या अंगणावर. त्याची झावळं पडतात दत्तप्रसादांच्या कौलांवर, सावली पडते दत्तप्रसादांच्या वाळवणावर, आणि नारळ मात्र सत्यवान उतरवून नेतो. म्हणजे आमच्या आकाशात पिकलेला नारळ! तो आमच्या घरचा नाही तर कोणाचा? सत्यवानाच्या पिशवीतला एक तरी त्या माडाचा असणारच. तेव्हा तो घेणं ही चोरी नव्हेच, उलट एवढी वर्षं चाललेल्या चोरीला बसलेला हा पहिला आळा होता.

इतकं सगळं न्यायाने ठरल्यावर दत्तप्रसाद उठले, चवड्यांवर चालत सत्यवानाच्या उशाशी गेले आणि एक नारळ अलगद बाहेर काढला.

“काय करतास हो?” सुगंधाबाई कुजबुजल्या.

“माझो माल परत घेतंय.”

“मगे तेच्या पिशयेची चेन तरी लावा. तुमची सवय, सगळा उघडा टाकूची.”

दत्तप्रसादांनी चेन लावली.

माथ्यावर वारा भणाणत होता. चारी बाजूंना निळं पाणी आणि मधोमध ते तीन काळे धोंडे. भावकी गोल उभी राहिली. दत्तप्रसाद पुढे झाले, त्यांनी ऐटीत पिशवीतून नारळ काढला आणि धोंड्यासमोर धरला. तेवढ्यात मागे चेन उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ सत्यवानाचा.

“माझो एक नारळ खंय गेलो?”

 सत्यवानाची नजर फिरत फिरत दत्तप्रसादांच्या हातावर आली. एवढ्या वर्षांचा अबोला तिथल्या तिथे मोडला.

“दत्ता! तो नारळ माझो!”

“कशावरना?”

“शेंडीक तांबडो दोरो बघ. माझ्या बायलेन बांधललो!”

दत्तप्रसादांनी शेंडी पाहिली. दोरा होता. उचलायच्या घाईत त्यांना तो दिसलाच नव्हता. पण संतापलेल्या माणसाला पुरावा आडवा येत नाही.

“दोरो तुझो असात. नारळ माझ्या अंगणार वाकलल्या माडाचो!”

“माडाचा मूळ माझ्या जमनीत आसा!”

“आणि शेंडो माझ्या डोक्यार! वाऱ्यान झावळ पडली की ती कोणाच्या टाळक्यात पडता? तुझ्या?”

“मानकरी म्हणान मिरवतस आणि दुसऱ्याच्या पिशयेत हात घालतस? लाज नाय वाटत?”

“लाज! तू यदाकदाचित म्हणान दोन नारळ आणलंस, म्हणजे माझ्या वायटाचीच वाट बघत होतंस मां?”

हात मोकळे असल्याशिवाय मालवणी भांडण रंगत नाही. दत्तप्रसादांनी नारळ खाली ठेवला, सत्यवानानेही उरलेला नारळ त्याच्या शेजारी ठेवला आणि दोघे एकमेकांसमोर उभे राहून हातवारे करू लागले. भावकी दोन गटांत उभी राहिली. गंगारामकाका मध्ये पडायला गेले, तर दोघांनी त्यांना बाजूला सारलं.

नेमक्या याच वेळी किशोरी मगदूम माथ्यावर पोचल्या. पाहुण्यांपैकी वरपर्यंत आलेल्या त्या एकट्या. चेहरा लाल, गुडघा धरलेला, बाटली रिकामी. त्यांनी चहूकडे पाहिलं. धूर नाही, जाळ नाही, साधी ऊबसुद्धा नाही, तीन दगड आहेत.

“ह्येच्यासाठी चढवलं व्हय आमाला? घशाला कोरड पडली ओ! पाणी हाय का कुणाकडं?”

“नारळ माझो!” सत्यवान ओरडला.

“माझो!” दत्तप्रसाद ओरडले.

किशोरीबाईंचा राग जरा निवळला. मालवणी माणसं पाहुण्यांचं फार करतात, हे त्यांनी ऐकलं होतं, पण एक घोट पाण्यासाठी दोन वयस्कर माणसं इतकी हमरीतुमरीवर येतील असं वाटलं नव्हतं.

“अवो, भांडू नका माझ्यापायी,” त्या म्हणाल्या. “एकाचा पुरे की!” आणि त्यांनी दोऱ्याचा नारळ उचलला, आसपास दुसरा उंच दगड दिसेना म्हणून मधल्याच काळ्या धोंड्यावर आपटला.

खाड्कन आवाज झाला.

त्या धोंड्यावर नारळ फुटल्याचा आवाज केळुसकरांच्या कानांवर लहानपणापासून पडत आलेला. आवाज झाला की हात जोडायचे आणि ओरडायचं, हे विचार करून होत नाही, आपसूक होतं. भांडणारे थांबले, पाठमोरे होते ते वळले, पोरीबाळींनी डोकी झाकली आणि सगळी भावकी एका तोंडाने ओरडली, “व्हय म्हाराजा!”

मग सगळ्यांना कळलं की काय झालं ते. दत्तप्रसादांचे जोडलेले हात तसेच राहिले.

किशोरीबाई नारळाचं पाणी पीत होत्या. “गोड हाय,” त्या म्हणाल्या. “कुणाचा म्हणायचा ह्यो?”

“तोच तर प्रश्न आसा,” गंगारामकाका म्हणाले आणि खडकावर बसले. “पयलो नारळ फुटलो. राखणदाराच्या धोंड्यार फुटलो. आणि आमी सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलां. आता ता मागे घेवक येणा नाय.”

“काका, ती पाव्हणी!” दत्तप्रसाद कळवळले. “तिका खंय म्हायत? परत फोडूया!”

“देवाक काय सांगूचा? मगाशी मस्करी केली? त्यापेक्षा नारळ कोणाचो ता ठरवा. ज्याचो नारळ, तेचो मान. सत्यवानाचो म्हणतस काय, दत्ता? म्हणत असशीत तर मान सत्यवानाचो.”

“जीव गेलो तरी म्हणूचंय नाय!”

“बरा. सत्यवाना, दत्ताचो म्हणतस?”

“माका मारून टाका आणि मगे इचारा!”

“म्हणजे दोघांचोय नाय,” काकांनी निकाल दिला. “मगे उरली ती बाय. तिच्या हातान फुटलो, मान तिचो.”

 दत्तप्रसादांनी सत्यवानाकडे पाहिलं. सत्यवानाने दत्तप्रसादांकडे पाहिलं. दोघांच्याही मनात शिमगा आला, पालखी आली, आणि ती शेजारच्या अंगणात टेकलेली दिसली. त्यापेक्षा इचलकरंजी पुष्कळ लांब होती.

“माझी हरकत नाय,” दत्तप्रसाद म्हणाले. “बाईंका मिळूंदे.”

“माझीव नाय,” सत्यवान लगेच म्हणाला. “बाईच बरी.”

दोघांचं एकमत झालेलं भावकीतल्या कोणी आजवर पाहिलं नव्हतं. एका म्हातारीने तर राखणदाराला पुन्हा एकदा हात जोडले.

किशोरीबाईंना सगळं समजावून सांगायचं काम सुगंधाबाईंवर आलं. वर्षभराचा मान, शिमग्याची पालखी, पहिला नमस्कार. बाई ऐकता ऐकता ताठ झाल्या. ज्वालामुखी नाही म्हणून चढलेला त्यांचा पारा पार उतरला.

“म्हंजे शिमग्याला आमी यायचंच! सगळी गाडी भरून आणतो बघा!”

“आता गाऱ्हाणा घाला,” सुगंधाबाई म्हणाल्या. “तुमका काय व्हया ता देवाकडे मागा. तुमी थांबलास की आमी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतव.”

दत्तप्रसाद आणि सत्यवान मागच्या रांगेत, शेजारी शेजारी उभे राहिले. आपल्याच देवासमोर दत्तप्रसाद पहिल्यांदाच मागे उभे होते. ते इतके दुखावले होते की त्यांना संतापताही येईना. किशोरीबाईंनी पदर खोचला आणि मागांवरून ऐकू जाणारा तो आवाज लावला.

“देवा म्हाराजा! मी किशोरी मगदूम, इचलकरंजीची. तुझ्याच दगडावर नारळ फोडला, मला ठावं नव्हतं, पोटात घाल!”

“व्हय म्हाराजा!”

“माग चालू ठेव, वीज पुरी दे!”

“व्हय म्हाराजा!”

“अजून डोंगर उतरायचा हाय, सगळ्यांचे गुडघे सांभाळ!”

“व्हय म्हाराजा!” हे भावकीने अगदी मनापासून म्हटलं.

किशोरीबाई थांबल्या. त्यांनी वळून मागच्या रांगेतल्या त्या दोघा भावांकडे निरखून पाहिलं आणि पुन्हा धोंड्यांकडे तोंड केलं. आवाज जरा मऊ झाला.

“आणि देवा, ह्या दोघा भावांचं जे काय भांडण हाय...”

सुगंधाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गंगारामकाकांनी मान खाली घातली. एवढी वर्षं भावकीत जे कोणाला मागायचं धाडस झालं नव्हतं, ते ही परगावची बाई मागणार होती. 

“...ते असंच चालू ऱ्हाऊ दे, म्हंजे फुडच्या वर्षी बी नारळ मलाच फोडाय मिळंल!”

“व्हय म्हाराजा!” भावकी गरजली. आणि त्यात सगळ्यांत खणखणीत दोन आवाज मागच्या रांगेतून आले, अगदी एका सुरात.